सलगमाचा कंदील आणि विकतचा भोपळा

ऑक्टोबर संपत आला की शहरांतल्या मोठ्या दुकानांत भुतांचे मुखवटे आणि दात काढून हसणारे भोपळे हल्ली दिसू लागतात. या सणाला 'हॅलोवीन' म्हणतात. नातवंडे मोबाइलवर ती चित्रे दाखवतात आणि आपण म्हणतो, "ही कसली भुतांची जत्रा!" पण हा सण मुळात आपल्यासारख्या शेती करणाऱ्या, गुरे राखणाऱ्या माणसांचा आहे, असे सांगितले तर नवल वाटेल.

त्याचे मूळ आयर्लंडमध्ये. ऑक्टोबरअखेर तिथे सुगी आटोपलेली असे. उन्हाळाभर डोंगरातल्या कुरणांवर चरणारी गुरे खाली आणायची आणि हिवाळ्यात वैरण किती जनावरांना पुरेल याचा हिशेब करायचा, अशी ती वेळ. त्या रात्री मेलेली माणसे घराकडे फिरकतात अशी समजूत होती. लोक मोठा जाळ करत. पुढे ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, हीच हॅलोवीन. आपण सर्वपित्रीला कावळ्याला घास ठेवतो, त्यातलीच ही भावना.

शंभर वर्षांपूर्वीच्या आयरिश शेतकऱ्याच्या घरी या सणाला विकतचे फारसे काही नसे. शेतातला सलगमाचा कंद कोरून, त्यात दिवा लावून कंदील करायचे. बटाटे आणि कोबी एकत्र कुस्करून लोणी घातलेले जेवण असायचे. मनुकांच्या पावात अंगठी दडवत; जिच्या तुकड्यात ती निघेल तिचे वर्षात लग्न जमणार, अशी थट्टा चाले. मुले जुने कपडे चढवून, तोंड झाकून घरोघर जात. पण फुकट काही मिळत नसे. आधी गाणे म्हणायचे किंवा नक्कल करायची, मग सफरचंद नाहीतर मूठभर अक्रोड-बदाम हातावर पडत.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा आला आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळशी अमेरिकेत पोचली आणि त्यांच्याबरोबर सणही गेला. तिथे लाल भोपळा, म्हणजे आपले डांगर, मुबलक होते. सलगमापेक्षा मोठे आणि कोरायला सोपे. कंदील त्याचा होऊ लागला.

अमेरिकेत पोरांचा दंगाही वाढला. शिमग्याला आपल्याकडची पोरे लाकडे पळवतात, तशी ती लोकांची फाटके काढून नेत, गाड्या भलत्याच जागी चढवून ठेवत. १९३० च्या सुमारास हे फारच हाताबाहेर गेले. मग गावोगावच्या मोठ्यांनी तोडगा काढला: पोरांना दारात बोलवा, खाऊ द्या, म्हणजे खोड्या थांबतील. महायुद्धात १९४२ ते १९४७ साखर रेशनवर होती, तेव्हा हे मंदावले. नंतर मात्र देशभर पसरले. त्या काळी घरोघरी बाया मक्याच्या लाह्यांचे लाडू, बिस्किटे करून ठेवत.

मग १९७४ साली टेक्सास राज्यात एक मुलगा विषारी खाऊ खाऊन मेला. विष घातले होते त्याच्या बापानेच, विम्याच्या पैशासाठी. पण लोकांच्या मनात भीती बसली ती परक्यांची. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. परक्या माणसाने खाऊत विष घालून पोर मारल्याचे एकही उदाहरण त्याला सापडले नाही. तरी घरचा लाडू गेला आणि कारखान्याची बंद पुडी आली. आता कित्येक गावांत पोरे घरोघर जातही नाहीत; एका मैदानात मोटारी ओळीने उभ्या करतात आणि त्यांच्या डिकीतून खाऊ वाटतात.

२०२३ साली या सणावर अमेरिकेत १२.२ अब्ज डॉलर खर्च होतील, असा तिथल्या व्यापारी संघटनेचा अंदाज होता. यात शेतकऱ्याचाही थोडा लाभ आहे. शहरातली कुटुंबे शेतावर येऊन, भोपळा स्वतः निवडून पैसे देऊन नेतात. पण कोरलेला भोपळा बहुधा खाल्ला जात नाही, कचऱ्यात जातो.

सण पिढीगणिक बदलणारच. सलगम जाऊन भोपळा आला, त्यात काही बिघडले नाही. बिघडले ते शेजारणीच्या हातचा घास नको झाला तेव्हा. दिवाळीत शेजारच्या घरून फराळाचे ताट येते आणि आपण ते रिकामे परत पाठवत नाही. त्यातली चकली उद्या विकतची असेलही. ताटाची ये-जा मात्र थांबू देऊ नका.