हरिश्चंद्रगडाची खरपुडी: ऐकीव आणि खरं

भाद्रपदात हरिश्चंद्रगड चढणाऱ्या बहुतेकांना कोकणकडा कधी दिसतो असं झालेलं असतं. त्या घाईत वाटेकडेच्या गवतातलं एक सडसडीत रोप सहज नजरेतून सुटतं. त्याची फुलं मात्र एकदा पाहिली की विसरता येत नाहीत. खाली फुगीर, मध्ये निमुळती नळी आणि वर टोकाशी जुळलेल्या पाकळ्या, म्हणजे हुबेहूब छोटा कंदील. अभ्यासक या वनस्पतीला सेरोपेजिया लॉई म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत असलेल्या जॉन सदरलँड लॉ या हौशी वनस्पतिसंग्राहकाचं नाव तिला मिळालं. जोसेफ हूकर यांनी 1883 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. ती फक्त सह्याद्रीत आढळते आणि अहिल्यानगर जिल्ह्यातला हा गड तिच्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे.

‘खरपुडी ना? ती तर आमच्याकडे माळावरही असते,’ असं पुष्कळ जण म्हणतात. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. खरपुडी, हमण, कंदीलपुष्प ही नावं एका वनस्पतीची नाहीत, ती अख्ख्या कुळीची आहेत. भारतात या कुळीच्या 50हून अधिक जाती आहेत. त्यातली सेरोपेजिया बल्बोसा कोरड्या माळरानांवर दूरदूर पसरलेली आहे, तर काही जाती एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच उरल्या आहेत. नाव एकच असल्यामुळे सर्रास दिसणाऱ्या जातीच्या आड दुर्मीळ जात झाकली जाते. रोपवाटिकेत ‘सेरोपेजिया’ म्हणून मिळणारी, बदामी पानांची लोंबती वेल तर दक्षिण आफ्रिकेकडची. ती कितीही कुंड्यांत वाढली, तरी गडावरच्या जातीला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा समज फार लोकप्रिय आहे: हे फूल किडे खातं. ते खात नाही, फक्त अडकवून ठेवतं. वासानं ओढली गेलेली चिलटाएवढी माशी नळीतून आत घसरते. नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे तिला माघारी फिरता येत नाही. तळाच्या फुगवट्यात ती फिरत राहते आणि तेवढ्यात परागांचा पुंज तिच्या सोंडेला चिकटतो. पुढे केस सुकतात, फूल कलतं आणि माशी बाहेर पडून दुसऱ्या कंदिलात शिरते. म्हणजे त्या इवल्या माशा टिकल्या नाहीत, तर खरपुडीला फळच धरणार नाही.

उन्हाळ्यात गडावर जाऊन ‘आता इथे काहीच उरलं नाही’ असं म्हणणाऱ्यांचीही फसगत होते. पावसाळा सरला की रोप वाळून जातं. पुढचे कित्येक महिने जमिनीखालचा कंद तेवढा जिवंत असतो. हा कंद खाता येतो, आणि सह्याद्रीत गुराख्यांची पोरं खरपुडीचे कंद पूर्वापार उकरून खात आली आहेत. साळिंदर आणि रानडुकरांनाही ते आवडतात. जात भरपूर होती तोवर हे खपून गेलं. आता रोपंच मोजकी राहिल्यावर एकेक कंद मोलाचा झाला आहे.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र जमिनीबद्दलचा आहे. झाड नाही म्हणजे जागा ओसाड, असं आपल्याला वाटतं. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांतही उघड्या खडकाळ जमिनीसाठी वेगळा वर्ग आहे. मग चांगल्या हेतूनं तिथे खड्डे खणून झाडं लावली जातात, रस्ते काढले जातात, तंबू ठोकले जातात. खरपुडीला उघडं ऊन, पातळ माती आणि गवताचा आडोसा लागतो. झाडांच्या दाट सावलीत तिची वाढ खुंटते. कातळसडे आणि गवताळ उतार हे तिचं घर आहे, आणि ते जसं आहे तसंच राहायला हवं.

‘पण तिथे तर अभयारण्य आहे!’ हो, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 पासून आहे, आणि त्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रोप उपटणं गुन्हा आहे. तरीही फोटोसाठी गवतात शिरलेल्या शंभर पावलांना कायदा दर वेळी अडवू शकत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या अनेक जाती बागेत वाढवल्या, ते मोठंच काम आहे. पण बागेतलं रोप ही राखीव पुंजी. कडा, गवत आणि माशा बागेत आणता येत नाहीत.

खरपुडी रुईच्या नात्यातली. तिच्या शेंगा जोडीनं येतात, तडकतात आणि रेशमी झुपका लावलेलं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर निघतं. फूल खुडलं की त्या फुलाचं बी गेलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर गडावर जाणाऱ्यांनी मळलेली वाट सोडू नये. फोटो काढलाच, तर तो टाकताना नेमकी जागा सांगू नये.