इंजिन मागे, संसार पुढे

फोक्सवागनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या डॅशबोर्डवर एक छोटा लाल दिवा असतो. इतर गाड्यांत तो लागला, तर बॅटरी चार्ज होत नाही एवढाच त्याचा अर्थ. माणूस पुढच्या गावापर्यंत गाडी रेटतो आणि मग गॅरेज शोधतो. या गाडीत तसे केले तर इंजिन हातचे जाते. १६०० सीसीपर्यंतच्या तिच्या इंजिनांत डायनॅमो आणि इंजिनावर वारा घालणारा पंखा एकाच दांड्यावर बसवलेले आहेत आणि दोघांना फिरवणारा पट्टाही एकच. रेडिएटर नाही, पाणी नाही. पट्टा तुटला की वारा बंद, आणि काही मिनिटांत सिलिंडर तापून जाम. म्हणून जाणता मालक एक जादा पट्टा आणि त्याचा पाना गाडीतच ठेवतो आणि दिवा लागताच रस्त्याच्या कडेला थांबतो. पट्टा बदलायला फारसा वेळ लागत नाही, आणि मेकॅनिक तर लागतच नाही.

या गाडीचे सगळे आकर्षण आणि सगळा वैताग या एका उदाहरणात आला. तिला सतत काहीतरी लागते. पण जे लागते ते बहुतेक वेळा घरच्या घरी करता येते.

बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एका चौकोनी गाडीचे रेखाटन केले: मागे इंजिन, अगदी पुढे ड्रायव्हर, मध्ये सगळी जागा मालाला. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडू लागली. इंजिन बीटलचेच, ११३१ सीसी आणि २५ हॉर्सपॉवर. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवण्यासाठी एक ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर गाडीतून माल वाहायचा, शनिवारी ते फर्निचर आत ठेवून कुटुंबाला घेऊन निघायचे, अशी कल्पना. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या जर्मनीत दुसरी गाडी परवडणारे लोक होते तरी किती? इंग्लंडमध्ये सिडमथची डेव्हन आणि फोकस्टनची डॉर्मोबिल यांनी याच सांगाड्यावर आपापले संसार मांडले. डॉर्मोबिलचे एका बाजूला उघडणारे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे छत आजही दुरून ओळखू येते.

१९६७ पर्यंत दुभंगलेली काच, १९७९ पर्यंत अखंड फुगीर काच आणि त्यानंतर खोक्यासारखी तिसरी पिढी, असा या गाडीचा ढोबळ वंशवृक्ष. ब्राझीलमध्ये मात्र दुसऱ्या पिढीची ‘कोम्बी’ डिसेंबर २०१३ पर्यंत बनत होती. २०१४ पासून तिथे नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले, आणि या गाडीत ते बसवणे शक्य नव्हते.

पुण्याशीही या गोतावळ्याचे एक दूरचे नाते आहे. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीने १९४९ मध्ये काढलेल्या टेम्पो मॅटाडोरला सुरुवातीची काही वर्षे फोक्सवागनचेच इंजिन होते. याच विडालशी सहकार्य करून फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली, आणि पुढे आकुर्डीत बनलेली मॅटाडोर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचली.

घरगुती दुरुस्तीची परंपरा या गाडीला आपोआप चिकटली नाही. तिचे मोठे श्रेय एका पुस्तकाला जाते. लॉकहीड या विमान कंपनीत काम केलेला जॉन मुइर नावाचा इंजिनिअर नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत येऊन राहिला आणि १९६९ मध्ये त्याने फोक्सवागन जिवंत कशी ठेवावी, यावर एक मॅन्युअल लिहिले. उपशीर्षकात वाचकाला सरळ ‘परिपूर्ण मूर्ख’ म्हटले होते. पीटर आश्वांडनच्या मजेदार, पण तंतोतंत चित्रांनी पानेच्या पाने भरलेली. आयुष्यात कधी पाना न धरलेल्या माणसाने इंजिन कसे उतरवावे, हे त्यात पायरीपायरीने सांगितले होते. ते शक्यही होते, कारण बीटल-घराण्यातले हे इंजिन गिअरबॉक्सला मुख्यतः चार बोल्टांनी धरलेले असते. वायर, केबल आणि पेट्रोलची नळी सोडवली, खाली जॅक लावला की ते मागे ओढून बाहेर काढता येते.

अशी गाडी नव्याने घेणारा माणूस पहिला खर्च कशावर करतो? पडदे, गाद्यांची खोळ, सोलर पॅनेल, झालेच तर रंग. फोटोत तेच दिसते. खरे तर पहिले काही युरो किंवा पौंड पेट्रोलच्या नळीवर जायला हवेत. कापडाचे वेष्टण असलेली जुनी रबरी नळी आतून कुजते आणि वरून धडधाकट दिसते. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे हे आणखी लवकर होते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. नळी चिरली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकते, शेजारीच डिस्ट्रिब्युटरची ठिणगी. आणि या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे. ते पेटले तर पाणी मारून उपयोग नाही. आग उलट भडकते. या गाड्यांचे मालक एकत्र जमले की कुणाच्या तरी जळालेल्या गाडीची गोष्ट निघतेच. उपाय अगदी स्वस्त आहे: इथेनॉल सोसणारी, ‘आर ९’ दर्जाची नळी, प्रत्येक टोकाला क्लॅम्प, पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या खोलीबाहेर, कार्बोरेटरमधली पितळी नळी सैल नाही ना याची खात्री, आणि इंजिनाच्या खोलीत आपोआप सुटणारे अग्निशामक.

दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आणि त्याहून दुर्लक्षित. इंजिनाभोवती पत्र्याची झाकणे असतात, आणि ती बॉडीला टेकतात तिथे रबराची पट्टी. वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवणे हे तिचे काम. पट्टी नसेल, किंवा आधीच्या मालकाने ‘उगाच अडचण’ म्हणून पत्रे काढून टाकले असतील, तर पंखा इंजिनाखालची गरम हवाच पुन्हा ओढतो. मग घाटात इंजिन तापते, आणि मालक महागडा ऑइल कूलर विकत आणतो.

टॅपेट सेट करणे हा या गाडीचा नित्यनेम. अंतर ०.१५ मिलिमीटर, फिलर गेज घालून मोजायचे, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी चहाआधी केले तर उत्तम. साधारण पाच हजार किलोमीटरला टॅपेट आणि ऑइल दोन्ही. १६०० सीसीच्या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर बसते, आणि कागदी फिल्टरही नाही, तळाशी नुसती जाळी. एवढ्याशा ऑइलला इंजिन थंड राखायचेही काम असते, त्यामुळे इथे कंजुषी अंगाशी येते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे ही सुधारणा चांगली. पण जुने पॉइंट फेकू नयेत. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडतो तेव्हा पूर्वसूचना न देता बिघडतो, आणि तो स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होत नाही.

हीटरची व्यवस्था कल्पक आहे आणि धोक्याचीही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापल्या नळ्यांभोवती हवा खेळवून तीच केबिनमध्ये सोडतात. आतली नळी गंजून भोक पडले की हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. झोपायच्या गाडीत त्याचा अलार्म नसणे अक्षम्यच.

ब्रेकबद्दल थोडक्यात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचे. जुन्या रबरी होज आतून फुगतात आणि पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवतात. टायरचे दुखणे वेगळेच. कॅम्पर वर्षातून थोडीच चालते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. दहा वर्षांपुढचा टायर कितीही काळाभोर दिसला तरी काढावा. नवा घेताना मोटारीचा नको, मालवाहू गाडीच्या वजनाचा हवा.

आता गंज. मोटारमालकाचा पैसा खरा खातो तो हा. छताभोवतीची पन्हळ, पुढच्या काचेच्या रबराखालची चौकट, दारांखालचे दुहेरी पत्र्याचे पोकळ पट्टे, चाकांच्या कमानी, पुढच्या सीटखालची जमीन आणि इंजिनाच्या खोलीतला बॅटरीचा ट्रे, एवढ्या जागा आधी पाहाव्यात. गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला तेव्हा आतला पत्रा कधीच गेलेला असतो. विकणारा त्यावर लांबी भरून रंग मारतो. लोहचुंबक लावला की तिथे तो चिकटत नाही. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके असतात. ती तारेने मोकळी करणे आणि पोकळ भागांत मेण फवारणे ही वर्षातल्या एका सकाळची कामे आहेत, आणि त्यांनी जेवढे वाचते तेवढे दुसऱ्या कशानेच वाचत नाही. वेल्डिंगच्या बाबतीत मात्र हौशी माणसाने हात आखडता घ्यावा. दिखाऊ पत्रा घरी जोडता येईल, पण ज्यावर गाडीचे वजन तोललेले आहे तो भाग जाणत्या वेल्डरचा.

तिसऱ्या पिढीची १९८० च्या दशकातली पाण्याची इंजिने हा स्वतंत्र छळ आहे. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, मध्ये गाडीभर लांबीच्या नळ्या. चुकीचे कूलंट वापरले, की अॅल्युमिनियमचे हेड खड्डे पडून पाझरू लागते. फॉस्फेट नसलेलेच कूलंट हवे. पाणी बदलल्यावर गाडीचे नाक वर उचलून आतली हवा काढावी लागते. ते न केल्यानेच अनेक इंजिने तापतात.

विजेच्या बाबतीत लोक आधी खरेदी करतात आणि मग हिशेब. १०० अँपिअर-अवरची लेड-अॅसिड बॅटरी खऱ्या अर्थाने ५० चीच धरायची, कारण निम्म्याच्या खाली उतरवत गेले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज चालू असताना चार अँपिअरच्या आसपास घेतो, आणि उन्हाळ्यात दिवसाचा निदान तिसरा हिस्सा तो चालू असतो. म्हणजे तीस-पस्तीस त्यातच गेले. जुने दहा वॅटचे दोन बल्ब चार तास लावले तर सात, त्याऐवजी तीन वॅटचे एलईडी लावले तर दोन. सर्वांत स्वस्त सुधारणा कोणती, ते या आकड्यांतच दिसते. बारीक वायर हे दुसरे दुखणे. लांबवर ओढलेल्या बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते, फ्रिज बंद होतो, आणि मालक चांगली बॅटरी बदलून बसतो. वायर जाड, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि अर्थिंगची टोके पॉलिश पेपरने घासून लख्ख. लिथियम बॅटरी हलकी आणि टिकाऊ खरी, पण तिची भूक मोठी असते. ३० अँपिअरच्या आसपासचा जुना डायनॅमो तिला थेट जोडला तर जळू शकतो. मध्ये चार्जर हवाच.

मूळचे वेस्टफालियाचे फर्निचर पातळ प्लायवूडचे असे. हौशी माणूस त्या जागी घरच्या किचनचे एमडीएफ बसवतो. ते ओलाव्याने फुगते, आणि त्याचे वजन पन्नास हॉर्सपॉवरच्या इंजिनाला प्रत्येक चढावर जाणवते. पत्र्यामागे ग्लासवूल भरणे ही त्याहून मोठी चूक. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर त्यात मुरते आणि पत्रा आतून सडतो. पाणी न शोषणारा, बंद पेशींचा फोम चिकटवावा. उघडत्या छताचे कापड ओले असताना मिटू नये. मिटावेच लागले तर घरी पोचताच उघडून वाळवावे. पलंग होणाऱ्या मागच्या सीटचे पट्टे नुसत्या प्लायवूडला पकडलेले असतील, तर ती सीट बसायची नव्हे. गॅसची शेगडी आणि तिची नळी यांना मात्र परवानाधारक माणसाशिवाय कुणी हात लावू नये.

कायदाही पाहावा लागतो. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या आणि बऱ्यापैकी मूळ रूपात असलेल्या गाडीला ‘एच’ नंबर मिळतो, म्हणून तिथले मालक मूळ भाग फेकत नाहीत आणि परत काढता येईल अशीच सुधारणा करतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणी माफ आहे. ही सवलत न घेतलेलीच बरी. ज्या गाडीची सर्वाधिक तपासणी व्हायला हवी तिलाच ती माफ करणे शहाणपणाचे म्हणता येत नाही, आणि स्वतःहून तपासून घ्यायला कुणी अडवलेले नाही. आपल्याकडे एखादी जुनी ट्रॅव्हलर अशी सजवायचा बेत असेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे आणि पाना उचलण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी.

तेवीस खिडक्यांच्या जुन्या गाड्या अमेरिकेतल्या लिलावांत दोन लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत. तो संग्राहकांचा खेळ. त्या गाड्यांत कुणी कांदेपोहे करत नाही. ज्याला राहण्यासाठी गाडी हवी, त्याने १९७० नंतरची, साध्या रंगाची, पण कोरडी गाडी शोधावी. जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या ज्या वाचकांच्या मनात हा बेत घोळत असेल, त्यांनी आधी अशीच एखादी गाडी शनिवार-रविवारपुरती भाड्याने घ्यावी. ती सहज मिळते. आणि विकत घ्यायला जाल तेव्हा पावसाच्या दिवशी जा, खिशात लोहचुंबक ठेवा, आणि इंजिन थंड असतानाच दाखवायला सांगा.