गाडीतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलेनाशी झाली तर?



"गाडीत कॉम्प्युटर असतो का?" असं मुलं विचारतात. असतो, आणि एक नाही, बरेच असतात. इंजिनाचा वेगळा, एबीएस ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. यांना कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. प्रत्येकाला दुसऱ्याची माहिती लागते. प्रत्येक जोडीसाठी वेगळी वायर टाकली तर वायरींचं जंगलच होईल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली 'कॅन' ही पद्धत मांडली. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि सगळी मॉड्यूल्स त्यांच्यावरच बोलतात.

एखाद्याचे निरोप थांबले की बाकीची मॉड्यूल्स 'यू'ने सुरू होणारा कोड नोंदवतात. उदा. यू०१०० म्हणजे इंजिनाच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. इथेच घाई होते आणि महागडं मॉड्यूल बदललं जातं. पण कोड एवढंच सांगतो, की निरोप आला नाही. का आला नाही, ते सांगत नाही. हजेरीत "हजर" ऐकू आलं नाही, म्हणजे मूल आजारीच आहे असं नसतं ना? तसंच हे.

मग तपासायचं कसं?

१. आधी बॅटरीचं व्होल्टेज, त्या मॉड्यूलचा फ्यूज आणि अर्थ बघायचा.

२. स्कॅनरवर कोण उत्तर देतंय ते बघायचं. एकच गप्प असेल तर त्याचा सप्लाय, कनेक्टर आणि त्याच्याकडे जाणारी वायर तपासायची. सगळेच गप्प असतील तर मुख्य वायरींवर संशय घ्यायचा.

३. बॅटरीचं कनेक्शन काढून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजायचा. बऱ्याच गाड्यांत तो सुमारे ६० ओहम येतो.

६० च का? वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. समांतर जोडणीचं सूत्र आठवा: १/१२० + १/१२० = २/१२०, म्हणजे एकूण रोध ६०. मीटरने १२० दाखवले तर एका टोकाचा रोध किंवा मधली वायर तुटलेली असू शकते. शून्याच्या जवळ आकडा आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

१२० ओहमचे दोन रोध आणि एक मल्टिमीटर घेऊन हे वर्गातही दाखवता येतं. गाडीवर मात्र घरी प्रयोग नको, कारण एअरबॅग आणि ब्रेकही याच यंत्रणेशी जोडलेले असतात. गॅरेजमध्ये "मॉड्यूल गेलंय" असं सांगितलं, तर पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: "सप्लाय, अर्थ आणि वायरिंग तपासलं का?"