झोपेच्या पोटात – ७ : छाती हलते, पण हवा जाते का?

घरातलं सगळ्यात जुनं श्वासमापक यंत्र म्हणजे शेजारी झोपलेलं माणूस. नवरा रात्रभर करवत चालवल्यासारखा घोरतो. मध्येच आवाज बंद होतो, खोली चिडीचूप होते आणि मग गुदमरल्यासारखा हिसका देत श्वास पुन्हा सुरू होतो. ही हकीकत डॉक्टरांना सांगते ती बायको. नवऱ्याला सकाळी त्यातलं काही आठवत नसतं. उलट ‘मी कुठे घोरतो?’ हा त्याचा ठरलेला सवाल असतो.

तिचं हे काम यंत्राला जमेल का, तेही अंगाला काही न लावता? गेल्या भागात स्लीप लॅबमधली रात्र पाहिली. डोक्याला तारा, नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. एवढ्या जामानिम्यात झोप येणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

श्वास घेताना छाती काही मिलिमीटर वर उचलली जाते. तिच्यावर रेडिओलहर सोडली, तर परतणाऱ्या लहरीत ही हालचाल उमटते. जेम्स लिन यांनी मायक्रोवेव्हने श्वास मोजण्याची पद्धत १९७५ सालीच मांडली होती. गूगलने २०२१ मध्ये आणलेल्या, उशाशी ठेवायच्या नेस्ट हब या पडदेवाल्या स्पीकरमध्ये ६० गिगाहर्ट्झचं रडार आहे. त्याच्या लहरीची लांबी ५ मिलिमीटर. छाती अडीच मिलिमीटर पुढे आली, की लहरीचं जाणं आणि येणं मिळून पाच मिलिमीटर वाचतात, म्हणजे अख्खी एक लांबी. म्हणूनच त्याहून पुष्कळ बारीक हालचालही सुटत नाही. पांघरूण आड येत नाही. डोक्यावर गरगरणारा पंखाही फारसा नडत नाही, कारण तो मिनिटाला शेकडो फेरे घेतो आणि माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास. शिवाय दोघांचं अंतरही वेगळं.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये रडारही वगळलं. त्यांनी साध्या स्मार्टफोनच्या स्पीकरमधून १८ ते २० किलोहर्ट्झचा आवाज सोडला आणि छातीवरून आलेला प्रतिध्वनी फोनच्याच मायक्रोफोनने ऐकला. वटवाघळाची युक्ती. हा आवाज बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू येत नाही. पायाशी झोपलेल्या कुत्र्याचं काय, हा प्रश्न वेगळा. ३७ रुग्णांवर त्यांनी हा फोन लॅबमधल्या तपासणीशेजारी ठेवून पाहिला आणि दोन्हींचे आकडे चांगलेच जुळले.

तिसरा रस्ता गादीखालून जातो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी बंगळुरूत सुरू केलेल्या डोझीची पातळ पट्टी गादीखाली सरकवायची. श्वासाचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे हादरे ती तिथून टिपते. कोविडच्या काळात अशा पट्ट्या रुग्णालयांच्या खाटांखालीही गेल्या.

इथपर्यंत सगळं छान. पण ही सगळी यंत्रं मोजतात ती हालचाल. हवा नव्हे.

श्वास अडण्याचे दोन प्रकार इथे वेगळे करायला हवेत. एकात मेंदूकडून हुकूमच येत नाही. छाती स्वस्थ पडून राहते आणि रडारला ते लगेच कळतं. दुसरा प्रकार घोरणाऱ्यांचा आणि कितीतरी जास्त आढळणारा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. मेंदू हुकूम देतच असतो, छाती जोर लावतच असते. भाता हलतोय, पण नळीला बूच! वरवर पाहणाऱ्या यंत्राला हे चालू श्वासासारखंच दिसेल. म्हणून हुशार यंत्र आडून खुणा शोधतं: छाती आत ओढली जाताना पोट फुगतंय का, हालचाल उथळ होऊन अचानक मोठा उसासा आला का. विदिंग्ज या कंपनीने आपल्या गादीखालच्या हवेच्या पिशवीला मायक्रोफोनची जोड दिली आहे, घोरणं कुठे तुटलं ते ऐकायला. म्हणजे बायकोचंच तंत्र.

अर्धवट अडलेला श्वास त्याहून अवघड. तो मोजताना डॉक्टर हवेचा प्रवाह किती घटला, रक्तातला ऑक्सिजन किती उतरला हे पाहतात. ऑक्सिजन रडारला दिसत नाही आणि फोनलाही ऐकू येत नाही. सिॲटलच्या त्या प्रयोगातही सर्वांत कमी जुळणी याच प्रकारात होती.

डबल बेडची अडचण आणखी निराळी. नेस्ट हबला आपल्या सर्वांत जवळ झोपलेल्याकडेच लक्ष द्यायचं असतं. रात्री लहान मूल मधे येऊन झोपलं, की हिशेब बिघडायची शक्यता आलीच. शिवाय श्वासाबाबत हे यंत्र त्याचा दर, खोकला, घोरणं एवढंच सांगतं. श्वास अडल्याचं निदान करण्याचा दावा गूगल करत नाही.

दर तासाला पाचाहून कमी वेळा श्वास अडला तर साधारण ठीक, तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे गंभीर. ही मोजणी लॅबमध्ये न जाता घरच्या घरी करण्यासाठी डॉक्टर जी छोटी पेटी देतात, तिच्यात बोटाचा चिमटा आणि नाकाची नळी का टिकून आहेत, ते पुढच्या आठवड्यात.