कालाहारीत आधी पाणी मोजा, मग दिवस

ताडोब्यात जिप्सी, गाइड आणि संध्याकाळी बंद होणारं गेट असतं. बोट्स्वानाच्या सेंट्रल कालाहारी अभयारण्यात गाडी आपणच चालवायची आणि कुंपण नसलेल्या जागी तंबू ठोकायचा. क्षेत्र सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे चौदा गोवे! आत पेट्रोल पंप, दुकान, पिण्याचं पाणी, काहीही नाही.

म्हणून फौजेचा नियम: आधी रसद, मग कूच. माणशी रोज दहा लिटर पाणी धरा. चौघं, पाच दिवस: २०० लिटर. वाळूत गाडी लिटरला पाचच किलोमीटर जाईल असं धरा. ६०० किलोमीटरला गाडीमागे १२० लिटर इंधन, वर ३० राखीव. ओझं झेपत नसेल तर दिवस कमी करा, पाणी नाही.

दोन गाड्या हव्यातच. एक रुतली तर दुसरी ओढते. रेडिएटरपुढे जाळी लावा, गवताचं बी अडकून इंजिन तापतं. गाडीखालचं गवत रोज काढा, ते पेट घेतं.

मोबाइलवर विसंबू नका. सॅटेलाइट फोन तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. भारतात तो विनापरवाना बाळगता येत नाही.

निघण्यापूर्वी परतीची तारीख घरी लिहून द्या. त्या दिवशी फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, तेही लिहा.