पिशवी कुठे फाटते?

कार्यानुभवाची वस्तू कशी तयार होते, हे शाळेत जाणारं मूल असलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. उद्या वस्तू न्यायची आहे, हे मुलाला आदल्या रात्री आठवतं. मग आई आइस्क्रीमच्या काड्या शोधते, बाबा फेविकॉल लावतात आणि मूल झोपून जातं. सकाळी वस्तू झकास दिसते, श्रेणीही चांगली मिळते. शिकलेले असतात ते आईबाबा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. माझ्या वर्गात वस्तू घरून आणायची नसते, आणि ती कशी करायची तेही मी दाखवत नाही. मी फक्त अडचण सांगते. ‘ग्रंथालयाची पुस्तकं न्यायला रद्दीची पिशवी हवी. दहा पुस्तकं घातली तरी फाटता कामा नये.’ साहित्य म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, कणकेची खळ, सुतळी आणि लग्नपत्रिका.

आधी चित्र. बहुतेक मुलं पिशवी समोरून काढतात आणि तिच्यावर फुलं रंगवतात. ‘तळ कुठाय? किती रुंद?’ असं विचारलं की पेन्सिल थांबते. मग कुणी पुस्तकांची चळत मांडून तिची जाडी बोटांनी मोजतो, कुणी पट्टी घेतो. लांबी, रुंदी, उंची हे शब्द पाठ असतातच, पण त्यांची गरज पहिल्यांदा इथे पडते.

खरी गंमत चाचणीत. पिशवी खिडकीच्या गजाला अडकवायची आणि एकेक पुस्तक आत टाकायचं. तळ फाटेल अशी सगळ्यांची खात्री असते. फाटते मात्र बंद चिकटवलेली जागा. सगळा भार त्या दोन-चार बोटं कागदावर आलेला असतो. मग डोकी चालू लागतात. एका जोडीने काठाची तिहेरी घडी घालून आत लग्नपत्रिकेची पट्टी सरकवली. एका मुलीने सुतळी बंदापुरती न ठेवता थेट तळाखालून फिरवून वर आणली. दहाही पुस्तकं तरली, तेव्हा ती म्हणाली, “बाई, वजन कागदाने उचललंच नाही, सुतळीने उचललं.” भार कुठून कुठे जातो, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आकृत्या काढून शिकवतात.

हा माझा शोध नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांसोबत असंच काम केलं आहे. पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुल्या हे त्यांचे विषय होते, आणि सहभागी शाळांत मराठी माध्यमाचीही शाळा होती. इंग्लंडने तर १९९० मध्ये ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा विषय पाच वर्षांच्या मुलांपासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणला. आपल्याकडे वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. पण उद्योगात रीत ठरलेली असते, गुरुजी दाखवतात तसं सूत निघतं. डिझाइनमध्ये रीतच मुलाने ठरवायची असते.

साहित्याला पैसे लागतात, ही तक्रार अरविंद गुप्तांनी कधीच निकालात काढली. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेला आणि काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनी जोडून आकार करू लागला. पुढे पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी असंख्य खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात. माझी मुलं गूल खरवडलेल्या काड्यांचा चौकोन करतात. तो दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र हलत नाही. ‘चौकोन ताठ करा’ म्हटलं की मुलं तिरकी काडी घालू बघतात, पण ती पुरत नाही. मग खराट्याची काडी मापाने तोडून बसवतात. कर्ण बाजूपेक्षा लांब असतो, हे त्यांना पुन्हा सांगावं लागत नाही.

गुण कशाला द्यायचे, हा प्रश्न पालक विचारतात. मी वहीतलं पहिलं चित्र आणि शेवटची पिशवी शेजारी ठेवते. मधे काय बदललं आणि का बदललं, हे मुलाला सांगता आलं तर काम झालं. मग पिशवी दिसायला कशीही असो. सुबक वस्तू बाजारात मिळते. हा ‘का’ विकत मिळत नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. पस्तीस-चाळीस मिनिटांत कागद कापून होतो न होतो तोच घंटा वाजते, आणि खळ वाळायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून मुख्याध्यापकांकडे माझी मागणी नव्या खोलीची किंवा महागड्या किटची नसते. कार्यानुभवाचे दोन तास सलग द्या, आणि त्यातला एकही गणिताची उजळणी करायला काढून घेऊ नका. गणित त्या पिशवीत आहेच.