रिपोर्ट नॉर्मल, तरी बोट सुजलेलं: सोरायटिक आर्थ्रायटिस किती सक्रिय आहे, हे मोजतात कसं?

हाताचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत फुगलंय. सकाळी टाच टेकवत नाही. आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणतो, सगळं नॉर्मल. घरातले म्हणतात, "मग काळजीचं काही नाही."

सोरायटिक आर्थ्रायटिस असलेल्यांच्या बाबतीत हे वाक्य महागात पडू शकतं. सोरायसिस हा त्वचेचा आजार असलेल्या काहींना होणारा हा संधिवात. शरीरात दाह वाढला की यकृतात सीआरपी नावाचं प्रथिन जास्त तयार होतं आणि ते रक्तात मोजता येतं. पण या आजारात सांधे सुजलेले असूनही बऱ्याच रुग्णांचा सीआरपी वाढलेला नसतो. साखर मोजून डायबेटिसचा अंदाज येतो, तसा एक आकडा इथे नाही. दाह चालू राहिला, तर सांध्याची झीज होते आणि ती भरून येत नाही. म्हणून आजार आत्ता किती जागा आहे, हे कळणं गरजेचं असतं.

मग डॉक्टर काय करतात? मोजतात. अगदी बोटांनी दाबून.

६८ सांधे दाबून कुठे दुखतं ते पाहायचं आणि ६६ सांध्यांची सूज तपासायची. दोनचा फरक का? खुब्याचे दोन सांधे इतके खोल असतात की त्यांची सूज हाताला लागत नाही. या मोजणीत पायाची बोटं आणि हाताच्या बोटांचे नखाजवळचे सांधेही येतात. आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) वापरली जाणारी २८ सांध्यांची मोजणी या दोन्ही जागा सोडून देते, आणि सोरायटिक आर्थ्रायटिस नेमका तिथेच घर करतो. त्यामुळे तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी मोजे काढा.

यातून डाप्सा नावाचा स्कोअर निघतो. गणित शाळकरी बेरजेचं आहे. समजा, ६ सांधे दुखतात, ३ सुजलेत. वेदना १० पैकी किती, असं विचारल्यावर तुम्ही ५ म्हणालात. आजाराचा एकूण त्रास १० पैकी ४. सीआरपी १.२. बेरीज १९.२. चारपर्यंत म्हणजे आजार शांत, १४ पर्यंत कमी सक्रिय, २८ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. म्हणजे हा रुग्ण मध्यम गटात.

इथे एक गंमत आहे, खरं तर धोका. डाप्सामध्ये सीआरपी 'मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर'मध्ये धरतात. अनेक लॅबच्या रिपोर्टवर तो 'मिलिग्रॅम प्रति लिटर'मध्ये असतो, म्हणजे वरचाच १.२ तिथे १२ दिसतो. दहाने न भागता मिळवला, तर बेरीज ३० होते आणि तोच रुग्ण तीव्र गटात जातो. ऑनलाइन कॅल्क्युलेटर वापरत असाल, तर एकक आधी बघा.

'बरं आहे' हे उत्तर पुरत नाही

पाच आकड्यांपैकी दोन रुग्णाच्या तोंडून येतात. डॉक्टरांसमोर संकोचून "बरं आहे" म्हटलं, की स्कोअर खोटा कमी होतो. उलटंही घडतं. फायब्रोमायल्जियासारख्या दुसऱ्या कारणाने अंग दुखत असेल, तर दाह नसताना आकडा फुगतो. म्हणून नुसत्या बेरजेवर औषध वाढवत नाहीत.

डाप्साची आणखी एक मर्यादा म्हणजे त्यात त्वचा येत नाही. ती 'मिनिमल डिसीज अ‍ॅक्टिव्हिटी' म्हणजे एमडीए या निकषात येते. इथे दुखरे सांधे, सुजलेले सांधे, त्वचेवरचे चट्टे, वेदना, एकूण त्रास, रोजची कामं जमतात का आणि कंडरा हाडाला चिकटतात त्या जागा (टाचेमागची जागा त्यातलीच) अशा सात गोष्टी पाहतात. सातपैकी पाच मर्यादेत असल्या, की आजार आटोक्यात आहे असं धरतात.

एवढं मोजून फरक पडतो का? ब्रिटनमध्ये २०६ रुग्णांवर झालेल्या 'टिकोपा' अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. एका गटाला दर चार आठवड्यांनी तपासून एमडीए गाठेपर्यंत उपचार वाढवत नेले, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे दर १२ आठवड्यांनी पाहिलं. ४८ आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे सांधे आणि त्वचा जास्त सुधारलेली होती. मात्र औषधांचे दुष्परिणामही याच गटात जास्त दिसले.

पाठीचा कणा मात्र डाप्सा आणि एमडीए, दोन्हींत थेट तपासला जात नाही. सकाळी पाठ बराच वेळ आखडलेली राहत असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी प्रश्नावली असते.